चांदीचा दंड, मिन्याचा रंग

[दृश्य: नाशिकचा सराफ बाजार. अरुंद गल्ली, चांदीवर पडणारे हातोडीचे ठोके.]

निवेदन:

नाशिकच्या सराफ बाजारात चांदी घडते ती बहुतेक देवासाठी. मुखवटे, प्रभावळी, मखरं, देवघरातले टाक. आज आपण बघणार आहोत विद्येच्या मानासाठी घडणारी चांदी. दीक्षान्त समारंभाची मिरवणूक सभागृहात शिरते, तेव्हा कुलगुरूंच्याही पुढे जो दंड चालतो, तो हा ज्ञानदंड.

नाशिककरांना हे दृश्य नवं नाही. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ सालचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्ही याच शहरात आहेत. पण मिरवणुकीत आपली नजर असते ती पदवी घेणाऱ्या आपल्या लेकरावर. दंडाकडे कोण निरखून बघतं?

मुळात हे शस्त्र. युरोपात लढाईत वापरायची गदा हळूहळू राजाच्या, नगराच्या आणि मग विद्यापीठाच्या अधिकाराची खूण झाली. मारायचं काम सुटलं आणि तिच्यावर नक्षी चढली.

आपल्याकडे तिचा भाऊ शोभावा असा चोपदाराचा चोप आहे. वारीत समाजआरतीच्या वेळी टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच धरतो आणि हजारो माणसं क्षणात गप्प होतात. दंडाचा अधिकार म्हणजे काय, हे वारकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

[दृश्य: राळेवर बसवलेला चांदीचा पत्रा, त्यावर फिरणारं कलम.]

असा दंड एकसंध ओतलेला नसतो. बऱ्याचदा आत लाकडाचा गाभा आणि त्यावर चांदीच्या नळ्या असतात. जोड झाकायला मध्ये गाठी, आणि वर माथा. माथ्यावरचं उठावाचं काम टाकासारखंच होतं. पत्रा राळेवर, म्हणजे ठोके झेलणाऱ्या चिकट थरावर बसवायचा, मागून ठोकून आकार फुगवायचा, मग पुढून कलमाने रेषा धारदार करायच्या.

आणि मग मीना. इथे जरा थांबू या, कारण खरी परीक्षा इथेच आहे.

मीना म्हणजे रंग नव्हे, काच. कोबाल्टने निळी झालेली, तांब्याने हिरवी झालेली. ती खलात पाण्याबरोबर घोटतात. पाणी दुधाळ होतं, ते ओतून टाकायचं, पुन्हा नवं घालायचं, नितळ दिसेपर्यंत. कंटाळा केला की काच गढूळ उतरते. मग ही ओली भुकटी चांदीत कोरलेल्या खळग्यांत कणाकणाने भरायची आणि पूर्ण वाळू द्यायची. ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन मीना उडतो.

[दृश्य: भट्टीचं उघडं दार, आत लालबुंद पट्टी.]

भट्टी असते साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअस. शुद्ध चांदी वितळते ९६१ अंशांना. तांबं मिसळलेली चांदी त्याच्या बरीच आधी, आणि तिचा पृष्ठभागही काळवंडतो. म्हणून मिन्याला चांदी चोख लागते. काही मिनिटांत भुकटी आधी खरखरीत दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी, आणि मग एकदम काचेसारखी गुळगुळीत. तो क्षण डोळ्यांनीच ओळखायचा.

लाल रंग चांदीवर सहज बसत नाही. धातूला भिडला की पिवळट, तपकिरी पडतो, म्हणून आधी बिनरंगी काचेचा थर द्यावा लागतो. निळा आणि हिरवा मात्र चांदीवर असे खुलतात की बघत राहावं. खालची कोरीव रेघ काचेतून चमकते, आणि दंड हलला की रंगही हलतो. मिरवणुकीत चालणाऱ्या वस्तूला याहून शोभणारं काम मला तरी माहीत नाही.

डाक लावायची, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडायची उष्णता मिन्याला सोसत नाही. म्हणून मिन्याच्या पट्ट्या वेगळ्या भाजतात आणि शेवटी थंडच, स्क्रूने किंवा कडा दाबून बसवतात. बोधचिन्ह, विद्याशाखांचे रंग, नदी, दिवा, ग्रंथ, सगळं या पट्ट्यांवर येतं. असा दंड करताना नाशिकने गोदावरी निळ्या मिन्यात उतरवावी, असं मला मनापासून वाटतं.

काळजीही सोपी नाही. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. मीना काळा पडत नाही, पण आपटला की तडकतो. मग पट्टी सोडवून काढावी लागते. चांगला कारागीर ती सुटेल अशीच बसवतो.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडे १४६१ सालचा एक दंड आहे. बिशप जेम्स केनेडी यांनी तो करून घेतला. त्यावरच्या चकतीवर घडवणाऱ्या सोनाराचं नाव, पॅरिस शहर आणि साल कोरलेलं आहे. म्हणून साडेपाचशे वर्षांनंतरही जॉन मायेल हे नाव आपण घेऊ शकतो. आपल्या दंडांवर विद्यापीठाचं नाव असतं, बोधवाक्य असतं. तळाच्या टोपणावर घडवणाऱ्याच्या नावाची एक ओळ कोरायला कलमाचे थोडेच फटके लागतात. नवा दंड करायला टाकणाऱ्यांनी ती ओळ मागणीपत्रातच लिहून द्यावी.