हाकही तिचीच, ओ देणारीही तीच

युरोपातल्या डबक्यांमध्ये पोटावर लालभडक ठिपके असलेला एक लहानसा बेडूक आढळतो. व्हित्तोरियो एर्स्पामेर या इटालियन औषधशास्त्रज्ञांनी शेकडो जातींच्या बेडकांची कातडी तपासली होती. १९७० च्या सुमारास याही बेडकाची पाळी आली. त्याच्या कातडीत सापडली १४ अमिनो आम्लांची एक साखळी. बॉम्बिना या बेडकावरून तिचं नाव पडलं बॉम्बेसिन.

पुढे कळलं, की तिचं एक भावंड आपल्याही शरीरात आहे: जीआरपी (गॅस्ट्रिन-रिलीजिंग पेप्टाइड). चेतापेशी ज्या छोट्या प्रथिन-साखळ्यांतून निरोप धाडतात, त्या न्यूरोपेप्टाइड्सपैकी हे एक. पण निरोप फक्त चेतापेशीच वाचतात असं नाही. ज्या पेशीच्या अंगावर योग्य रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारं प्रथिन, असेल, ती कोणतीही पेशी तो वाचते. गर्भातल्या बाळाच्या फुफ्फुसांत जीआरपी भरपूर असतं, तिथे ते वाढीला हातभार लावतं. जन्मानंतर ते ओसरतं.

स्मॉल सेल प्रकारच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये मात्र ते पुन्हा उगवतं. इथली पेशी जीआरपी स्वतः बनवते, बाहेर सोडते आणि आपल्याच रिसेप्टरवर झेलते. स्वतःच हाक मारायची, स्वतःच ओ द्यायची! रिसेप्टरला जीआरपी चिकटलं, की पेशीच्या आत कॅल्शियम उसळतं, एकामागून एक एन्झाइम्स जागी होतात आणि पेशी विभागते.

मग ही हाक मध्येच अडवली तर? १९८५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी नेमकं तेच केलं. बॉम्बेसिनला पकडणारी अँटिबॉडी दिल्यावर उंदरांमध्ये रुजवलेल्या मानवी गाठींची वाढ मंदावली. आशा वाढल्या. माणसांवरच्या छोट्या चाचणीत एका रुग्णाची गाठ काही काळ दिसेनाशीही झाली, बाकीच्यांना तसा लाभ झाला नाही. त्याचं एक कारण उघड आहे: या पेशी न्यूरोटेन्सिन, व्हॅसोप्रेसिन, ब्रॅडिकायनिन अशा इतर पेप्टाइड्सनाही प्रतिसाद देतात. एकच अडवून भागत नाही.

खरं यश आलं ते उलट्या स्वभावाच्या पेप्टाइडमुळे. सोमॅटोस्टॅटिन, शोध १९७३ चा, वाढीला लगाम घालणारं. रक्तात ते जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतं, म्हणून ऑक्ट्रिओटाइड ही त्याची टिकाऊ नक्कल तयार झाली. आतड्यांतल्या काही न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींवर सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर दाटीनं असतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा गाठी पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ सुमारे ६ महिन्यांवरून १४ महिन्यांवर गेला.

त्यानंतरची कल्पना आम्हाला सर्वांत चलाख वाटते. निरोप अडवायचाच नाही. सोमॅटोस्टॅटिनच्या नकलेच्याच शेपटीला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ बांधायचं. पेशी ते स्वतःहून आत घेते आणि किरणोत्सार तिच्या डीएनएवर आतूनच घाव घालतो. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली.

आता नजरा वळल्या आहेत सबस्टन्स पी या पेप्टाइडकडे. वेदनेचा निरोप वाहणारं हे पेप्टाइड १९३१ पासून माहीत आहे. त्याचा रिसेप्टर अडवणारं अप्रेपिटंट २००३ पासून केमोथेरपीतल्या उलट्या थांबवण्यासाठी दिलं जातं. प्रयोगशाळेत याच औषधानं अनेक प्रकारच्या कॅन्सर पेशी मरतात. मात्र त्यासाठी लागणारी मात्रा उलट्यांसाठीच्या मात्रेहून बरीच मोठी आहे. तेव्हा ‘उलटीच्या गोळीनं कॅन्सर बरा’ असा संदेश कुणी पाठवला, तर तो पुढे ढकलू नका.