कुणाचा रं तू?

[दृश्य: विटा एसटी स्टँड, पहाट. पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं.]

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पारावरचा म्हातारा नवख्या पोराला नाव विचारत नाही. तो विचारतो, "कुणाचा रं तू?" बापाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, आईचं माहेर कुठलं. दोन उत्तरांत पोराची सगळी कुंडली त्याच्या डोक्यात मांडून झालेली असते.

कंपन्या ज्याला बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणतात, ते या भागात फार जुनं आहे. फक्त त्याला नाव नव्हतं आणि फी नव्हती.

[दृश्य: मूस, भट्टीतला जाळ, काजळी धरलेली भिंत.]

विटा, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. इथली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली. केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या बोळात मराठी कानावर पडली, तर बोलणारा इकडचा असण्याची शक्यता बरीच. जुने दागिने मुशीत वितळवायचे, त्यात चांदी घालायची आणि ते मिश्रण तेजाबात उकळायचं. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाशी शुद्ध सोनं राहतं. दुकान झाडलं तरी केर बाहेर टाकत नाहीत, कारण त्यातही सोन्याचे कण असतात.

अशा दुकानात नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं पहिल्याच आठवड्यात लोकांचं सोनं हाताळतं. त्याला ठेवून घेताना अर्ज नाही, मुलाखत नाही. मामा म्हणाला, "पोरगं आपलंच हाय," की झालं.

यात भाबडेपणा अजिबात नव्हता. पोरानं ग्रॅमभर इकडचं तिकडं केलं, तर मामाला गावच्या यात्रेत तोंड दाखवता येणार नव्हतं. बहिणीची जमत आलेली सोयरिक मोडली असती. घर गावात, रान गावात, आई गावात. पळून जाऊन जाणार कुठं? मामाचा शब्द हे खरं तर तारण होतं, आणि ते सोन्यापेक्षा महाग होतं.

[दृश्य: कुपवाड एमआयडीसी, सकाळची पाळी सुटते आहे.]

सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या कारखान्यांच्या फाटकावर हा हिशेब लागू पडत नाही. इथं बिहारचा फिटर आहे, ओडिशाचा वेल्डर आहे, आणि पुण्यात दोन नोकऱ्या करून परत आलेला मिरजेचा अकाउंटंटही आहे. यांच्यातल्या कुणाच्या मामाला विचारायचं? मग मामाचं काम कागदावर येतं.

उमेदवाराची सही घेऊन कंपनी ते काम बहुधा एखाद्या एजन्सीकडे देते. आधारवरून ओळख, विद्यापीठाकडून किंवा डिजिलॉकरवरून गुणपत्रिका, आधीच्या मालकाला फोन, पत्त्यावर एक माणूस. नर्स असेल तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघतात. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात ती बघितलीच पाहिजे, कारण तिथं खोट्या कागदाची किंमत पेशंट मोजतो.

सगळ्यात जास्त बोलतो तो पीएफचा यूएएन क्रमांक. 2014 पासून कामगाराचा हा क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. कुठल्या महिन्यात कुठल्या मालकानं पैसे भरले, ते त्याखाली ओळीनं दिसतं. अर्जात "तीन वर्षं अनुभव" आणि पीएफ फक्त चौदा महिन्यांचा, किंवा एकाच महिन्यात दोन मालकांचा भरणा, असं निघालं की प्रश्न सुरू होतात. लोक लपवतात ते मात्र बऱ्याचदा साधंच असतं. मधले सहा महिने बापाच्या आजारपणात घरी गेले, ते लिहायची लाज वाटते. ते लिहावं. घरी बसलेले सहा महिने माफ होतात, खोटं अनुभवपत्र होत नाही.

मालक एवढा खटाटोप का करतो? गल्ल्याची किल्ली, गोदामाची किल्ली, बँकेचा पासवर्ड ही झाली उघड कारणं. दुसरं कारण कायद्यातलं: नोकरानं कामाच्या ओघात कुणाचं नुकसान केलं, तर भरपाईला मालकाला उभं करता येतं. सुरक्षारक्षकांच्या बाबतीत तर 2005 चा केंद्रीय कायदाच सांगतो की एजन्सीनं चारित्र्याची खात्री केल्याशिवाय माणूस ठेवायचा नाही. डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. चालकावर आधीचे गुन्हे होते, आणि त्याच्याजवळचा चारित्र्याचा दाखला बनावट निघाला. तेव्हापासून दाखला घेणं पुरत नाही, तो खरा आहे का हेही बघावं लागतं.

[दृश्य: गल्ली. पानटपरी. नंबरप्लेटवर धूळ असलेली मोटरसायकल.]

आता जरा अवघड भाग. पत्ता तपासायला आलेला माणूस टपरीवर थांबतो आणि विचारतो, "पोरगा कसा आहे?" टपरीवाला काय सांगेल ते त्याच्या मनावर. आणि आपल्याकडे आडनाव, गल्ली, वस्ती कळली की जात कळते. चौकशी माणसाची चालू असते, निकाल वस्तीचा लागतो.

याला इतिहास आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढं मुंबई इलाख्यातही आला. त्या जमातींत जन्मलेलं मूल जन्मतःच संशयित. पोलिसांकडे हजेरी, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. पण त्यात गुन्हेगार ठरवलेल्या पारधी जमातीतल्या तरुणाला आजही रखवालदाराची नोकरी मागून बघायला सांगा. त्याच्याविरुद्ध एकही गुन्हा नसेल. तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

ज्याच्यावर खरोखर गुन्हा आहे, त्याचं काय? सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये सरकारी नोकऱ्यांबद्दल याचा विचार केला. उमेदवारानं माहिती खरी द्यावी, दडवू नये. पण तरुणपणी घोषणा दिल्या, किरकोळ भांडण झालं, एवढ्यावर मालकानं आंधळेपणानं दार बंद करू नये, तारतम्य ठेवावं.

[दृश्य: किर्लोस्करवाडी रेल्वे स्टेशन. फलाटावर संध्याकाळ.]

तारतम्य म्हणजे काय, हे शोधायला सांगली जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. कुंडलजवळच्या माळावर 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. रात्रीच्या राखणीला त्यांनी कोण नेमले? शिक्षा झालेले गुन्हेगार. अनवधानानं नव्हे. त्यांचा पूर्वेतिहास ठाऊक असताना, माणसाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवून. चौकशी म्हणाल तर पुरती झालेली होती. फक्त तिचा निकाल उलटा लावला गेला.

आणि आटपाडीला औंध संस्थानच्या काळात, 1939 साली, स्वतंत्रपूर वसलं. भिंत नसलेला तुरुंग. कैद्यानं शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. आमच्या मते या दोन जागांची सहल प्रत्येक एचआरवाल्याला एकदा घडवावी, जेवणासकट.

[दृश्य: कुपवाड. टेबलावर नोकरीचा छापील अर्ज. कॅमेरा हळूहळू शेवटच्या रकान्यावर.]

आम्ही हे चित्रण करताना एका कारखान्याच्या कचेरीत कोरा अर्ज मागून घेतला. शिक्षण, अनुभव, पीएफ क्रमांक, ओळखीच्या दोन व्यक्तींची नावं. शेवटी प्रश्न: "यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का?" पुढं दोन चौकोन, होय आणि नाही.

'होय'वर खूण केलीच कुणी, तर पुढं काय झालं ते लिहायला त्या अर्जात एकही ओळ सोडलेली नव्हती.