स्टार्चचा लेप पाणी का पितो?

खाऊच्या डब्यासाठी हा क्राफ्ट कागद, म्हणजे पॅकिंगचा मजबूत कागद, वर मक्याच्या स्टार्चचा लेप. यावर खाण्याचा रंग घातलेल्या पाण्याचा थेंब टाकूया. दोन मिनिटांनी कागद उलटा करा. सगळा डाग मागे उमटला, तर लेपच पाणी पितोय. नुसते बारीक ठिपके दिसले, तर लेप ठीक आहे, त्याला भोकं आहेत. दोन्हींचे उपाय वेगळे.

लेप पाणी पितो तेव्हा आधी ग्लिसरीन तपासा. लेप तडकू नये म्हणून ते घालतात, पण ते स्वतःच हवेतली ओल खेचतं. स्टार्चच्या वजनाच्या 20 टक्क्यांवर थांबा. म्हणजे 100 मिली पाणी, 8 ग्रॅम स्टार्च, 1.6 ग्रॅम ग्लिसरीन. थंड पाण्यात कालवा आणि ढवळत ढवळत 90 अंश सेल्सिअसला 20 मिनिटं शिजवा. खळ 60 अंशांखाली उतरली की 0.8 ग्रॅम सायट्रिक अॅसिड घाला. गरम खळीत घातलंत तर स्टार्चच्या साखळ्या तुटतात आणि खळ पातळ होते.

भोकं पडतात फुग्यांमुळे. मिक्सर अजिबात नको. खळ गाळा, अर्धा तास ठेवा, आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या, दुसरा पहिल्याला आडवा.

सुकल्यावर ओव्हनमध्ये 120 अंशांना 5 ते 10 मिनिटं. ही पायरी गाळू नका. एवढा ताप मिळाला नाही तर अॅसिड साखळ्यांना एकमेकींशी बांधत नाही, लेपात नुसतं पडून ओल धरतं. कागद पिवळसर दिसू लागला की लगेच काढा, नाहीतर तो ठिसूळ होतो.

आता कार्नौबा मेणाचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले मेणाचे बारीक कण. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण 82 ते 86 अंशांना वितळतं. 60 अंशांवर सुकवलं तर मेणाचे कण सुटेच राहतात आणि मधल्या फटींतून पाणी शिरतं. 90 अंशांना दोन मिनिटं ठेवा. पृष्ठभागाला एकसारखी चकाकी आली की कण एकजीव झाले. मेण कडक असतं, घडीवर तडकतं. म्हणून डबा आधी घडी घालून उभा करा, मेण त्यानंतर.

कागद किती पाणी पितो ते मोजायला कॉब चाचणी. 100 चौरस सेंटिमीटरच्या कड्यात 100 मिली पाणी, 60 सेकंद, मग टिपकागदानं टिपून वजन. वाढलेले ग्रॅम गुणिले 100, म्हणजे दर चौरस मीटरला शोषलेलं पाणी.

पण डब्यातला चिवडा मऊ पडतो तो हवेतल्या वाफेनं, आणि वाफ कॉबमध्ये कळत नाही. त्यासाठी वाटीत सुकवलेलं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घ्या, तोंडावर लेप दिलेला कागद मेणानं घट्ट बसवा, दमट जागी ठेवा आणि रोज वजन लिहा.