रस्त्याला वेगळा आणि रानाला वेगळा टायर परवडत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

मृग तोंडावर आला की खतं-बियाण्यांच्या दुकानांबरोबर टायरवाल्यांकडेही गर्दी होते. बोलेरो, पिकअप, थार, जुनी जीप, ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन माणसं येतात. मागणी बहुतेकांची एकच: "डांबरीवर पळाला पाहिजे, पाणंदीत अडकता कामा नये, आणि खिशाला परवडला पाहिजे." आज याच मागणीबद्दल बोलू. रेडिओवरून कोणाची जाहिरात करायची नाही, म्हणून कंपन्यांची नावं घेत नाही. पण नाशिक, चाकण, वाळूज, बुटीबोरी आणि गोव्यात उसगाव, असे टायरचे मोठे कारखाने आपल्या आसपासच आहेत. परदेशी शिक्का असला तरच टायर चांगला, हा समज तेवढा डोक्यातून काढा.

या गाड्यांच्या टायरांत ढोबळ तीन प्रकार. एचटी म्हणजे डांबरी रस्त्याचा: नक्षी बारीक, आवाज कमी. एमटी म्हणजे निव्वळ चिखलाचा: मोठाले गट्टू, त्यांच्यात रुंद खाचा, आणि डांबरावर असा घोंघावतो की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. या दोन्हींच्या मधला तो एटी, ऑल टेरेन. थोडं हे, थोडं ते. दुकानदार सांगतो, "सत्तर टक्के रस्ता, तीस टक्के रान." हे आकडे कोणी प्रयोगशाळेत मोजून दिलेले नसतात. टायरचा कल कुठे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा पहिला हिशेब दुकानात नाही, घरीच करायचा. आपली गाडी महिन्यातून नेमकी कुठे फिरते? दूध, भाजीपाला, बाजार समिती, तालुक्याचं गाव, लग्नकार्य हे सगळं धरलं तर बहुतेकांचं नव्वद टक्के धावणं डांबरावर किंवा सिमेंटच्या रस्त्यावरच निघेल. कच्चा रस्ता शेवटच्या दोन किलोमीटरचा. तो कोरडा मुरूम असेल तर चांगल्या एचटी टायरवरही गाडी निवांत जाते. मग जास्त पैसे कशाला घालायचे? केवळ गाडी रुबाबदार दिसते म्हणून एटी घालणारे पुष्कळ आहेत. हौसेला मोल नसतं हे खरं, पण मग त्याला गरज म्हणू नका.

आता काळ्या मातीचं बोलू, कारण सगळ्यात जास्त निराशा तिथेच पदरी पडते. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. चाकाचे दोन-चार फेरे झाले की ती नक्षीच्या खाचांत बसते आणि निघत नाही. मग टायर कितीही भारी असो, लाटण्यासारखा गुळगुळीत होतो आणि जागेवरच फिरतो. खाचा रुंद असतील तर फिरण्याच्या जोरावर थोडी माती बाहेर फेकली जाते. एमटी इथे सरस ठरतो तो यामुळेच. एटीच्या खाचा मधल्या मापाच्या, त्यामुळे हलक्या चिखलात तो साथ देतो, पण पावसाने भिजलेल्या काळ्या रानात नाही. शिवाय गाडीचं फक्त मागचं चाक ओढणारं असेल, तर टायर बदलून फोर बाय फोरची ताकद येत नाही. तशा दिवसात गाडी डांबरीच्या कडेला उभी करा आणि माल ट्रॅक्टरने बाहेर काढा. दोन उघडिपी पडल्या की रस्ता आपोआप चालू होतो.

कोकणातल्या जांभ्याच्या वाटा, मावळातले आणि जव्हार-मोखाड्याकडचे दगडगोट्यांचे रस्ते यांची गोष्ट निराळी. तिथे एटी खरोखर पैसे वसूल करतो. चिखलापेक्षा तिथे धोका धारदार दगडाचा. दगड घासतो तो टायरच्या बाजूला, आणि बाजूला कट बसला की पंक्चरवाला हात जोडतो. बाजूचं पंक्चर काढून गाडी पळवणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून एटी बघताना फक्त वरची नक्षी बघू नका. खांद्याचे गट्टू बाजूवर किती खाली उतरलेत ते हाताने चाचपा, बाजू अंगठ्याने दाबून बघा.

एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. मोठे गट्टू असलेला टायर ओल्या डांबरावर चांगल्या रस्त्याच्या टायरइतका पटकन थांबत नाही. डांबराला टेकणारं रबर कमी असतं, आणि पाणी पिळून काढणाऱ्या बारीक चिराही बऱ्याच एटींना कमी असतात. आंबोली किंवा ताम्हिणी घाटात धो धो पावसात रोज ये-जा असेल, तर गट्टूंवर या बारीक चिरा भरपूर असलेला एटीच निवडा आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. डिझेलही थोडं जास्त जातं.

आता टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांकडे येऊ. बोलेरोवर सर्रास दिसणारं माप आहे २१५/७५ आर १५. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि रिम १५ इंची. त्यापुढे एक आकडा आणि अक्षर असतं, समजा १०० एस. एस ही वेगाची खूण, ताशी १८० किलोमीटरची. आपल्याला ती पुरून उरते. कळीचा आहे तो १०० हा आकडा. तो भाराचा. १०० म्हणजे एका टायरने ८०० किलो पेलायचे, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १०३०.

पिकअपवाल्यांनी इथे कान द्यावा. कांद्याच्या गोण्या भरून मागच्या ॲक्सलवर दोन टन आले, तर मागच्या एकेका टायरवर हजार किलो आले. तिथे १०० आकड्याचा, प्रवासी गाडीचा एटी बसवला असेल, तर तो सुरुवातीपासूनच दोनशे किलो जादा उचलतोय. वर मे महिन्याचं ऊन आणि ऐंशीचा वेग. असे टायर फुटतात तेव्हा लोक रस्त्याला शिव्या देतात. मालवाहू गाडीला मालाचाच टायर हवा. त्यावर आठ पीआर, दहा पीआर असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आत मोजून आठ थर आहेत असा नाही; ती ताकदीची श्रेणी आहे. गाडीच्या पुस्तकात जो भाराचा आकडा दिलाय, त्याच्या खाली कधीही उतरू नका. वर गेलात तर चालेल, मात्र गाडी थोडी कडक चालते.

आणखी चार आकडे लहानशा चौकटीत असतात. समजा तिथे २३२५ आहे. म्हणजे टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. टायर नुसता दुकानात पडून असला तरी रबर हळूहळू कडक होत जातं. "खास सूट" म्हणून समोर येणारा टायर बरेचदा दोन-तीन वर्षांपूर्वीचा निघतो. वर्षाच्या आतला मागा. जुनाच घ्यायचा असेल तर त्या मानाने पैसे पाडून मागा, लाजू नका. आयएसआयचा शिक्का आहे ना, तेही तिथल्या तिथे बघून घ्या.

मोठं माप घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. २१५/७५ च्या जागी त्याच रिमवर २३५/७५ घातला, तर चाकाची उंची सुमारे ७०३ मिलिमीटरची ७३३ होते. काट्यावर ६० दिसतं तेव्हा गाडी खरी साधारण साडेबासष्टने पळत असते. गाडी तीन सेंटिमीटर उचलली जात नाही, उचलते निम्मीच, कारण उरलेली वाढ चाकाच्या वरच्या अंगाला जाते. वर पूर्ण वळण घेताना टायर मडगार्डला घासू शकतो, आणि चढावर गाडी जड वाटते. एवढ्यासाठी खर्च करावा असं मला तरी वाटत नाही.

आता पैशांचं. स्वस्त टायर म्हणजे बिल कमी तो नव्हे, किलोमीटरला कमी पडतो तो. समजा एक टायर सहा हजारांचा आहे आणि चाळीस हजार किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला पंधरा पैसे. दुसरा आठ हजारांचा, पण साठ हजार चालला, तर साधारण सव्वातेरा पैसे. तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याएवढाच माल नेणाऱ्या दोघा-तिघांना त्यांचे टायर किती चालले ते विचारा; दुकानातल्या पत्रकापेक्षा ते उत्तर जास्त खरं निघतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. पक्कं बिल घ्या आणि त्यावर तो १८ च लागलाय का ते बघा. वॉरंटीचं भांडण झालं तर तेच बिल उपयोगी पडतं. रिमोल्डबद्दल विचाराल तर मोठ्या ट्रकला तो व्यवहार चांगला बसतो. पण जन्मभर जादा माल ओढलेल्या पिकअपच्या टायरवर नवी नक्षी चढवून उपयोग नाही. आतला सांगाडाच थकलेला असतो.

चारही एकदम घेणं जमत नसेल तर जोडीने घ्या, आणि नवी जोडी मागे बसवा. आपल्याकडे नेमकं उलट करतात, चांगले टायर पुढे घालतात. ओल्या वळणावर मागचं चाक सुटलं की गाडी फिरते आणि ती सावरणं अवघड जातं. फोर बाय फोर गाडीला मात्र चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. नाहीतर फोर बाय फोर लावल्यावर सगळा ताण गिअरच्या पेटीवर येतो.

बसवून झाल्यावर हवा थंड टायरमध्ये, सकाळी तपासा. किती ठेवायची ते दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर किंवा पुस्तकात असतं. रिकाम्या गाडीने चिखलातून जायचं असेल तेव्हा हवा पस्तीसवरून बावीस-पंचवीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. पण डांबरीला लागायच्या आधी ती परत भरलीच पाहिजे, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप सीटखाली ठेवा. माल भरलेला असताना हवा उतरवायची नाही. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे फिरवून घ्या. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते, आणि खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांना भिडली की टायर संपला. चिखलाच्या कामाला तर तो त्याच्या बराच आधी संपलेला असतो.

राहिली स्टेपनी. जुन्या चारांतला त्यातल्या त्यात बरा टायर स्टेपनीला ठेवायला सांगा, आणि दुकानातून निघण्याआधी तिच्यातही हवा भरून घ्या. नमस्कार.