कंसाला सोडवायचं कुणी?

(मंडळाच्या कोजागरीच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं काटछाट करून)

मंडळी, नमस्कार. दूध आटेपर्यंत बोला, असं मला कार्यकारिणीनं सांगितलंय. तेव्हा गॅस कृपया बारीकच राहू द्या.

आपल्या रविवारच्या शाळेत मी मोठ्या मुलांना शिकवतो. आठवडाभर इंग्रजीतून पदार्थविज्ञान आणि रविवारी काना, मात्रा, वेलांटी. गेल्या महिन्यात म्हटलं, आज जरा गणित मराठीतून करून बघू. फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि वर लिहिलं, ‘कंस सोडवा’. दहा वर्षांची एक मुलगी अगदी गंभीरपणे म्हणाली, “काका, पण कंसाला पकडलंय कुणी? तो तर वाईट मामा होता ना? मग सोडवायचा कशाला?”

सगळे हसले, मीही हसलो. घरी जाताना गाडीत लक्षात आलं की तिचं काहीच चुकलं नव्हतं. कंस तिला आजीच्या गोष्टीतून माहीत होता. सोडवणं म्हणजे अडकलेल्याला मोकळं करणं, हेही माहीत होतं. दोन्ही शब्द तिचेच. ते गणिताच्या घरी जाऊन वेगळं वागतात, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं. भूमितीत तर हाच कंस वर्तुळाचा तुकडा होतो, ते मी त्या दिवशी बोललोच नाही. एका रविवारी एकच कंस पुरे.

आपण पालक नेहमी कुरकुरतो की मुलांचं मराठी स्वयंपाकघरापुरतं राहिलं. पाणी दे, पोळी हवी, हात धुतले का, संपलं. मग आपण त्यांना जड जड शब्द पाठ करायला देतो आणि मुलं पळतात. माझं म्हणणं वेगळं आहे. नवे शब्द जरा बाजूला ठेवू. जे शब्द मुलांच्या तोंडात आहेत, त्यांचे दुसरे उद्योग मुलांना दाखवू. त्यांतले कितीतरी शब्द दिवसा एक नोकरी करतात आणि रात्री दुसरी. आपल्यापैकी काहींनी इथं आल्यावर केलं तसंच.

त्या कंसापासूनच सुरुवात करतो. वर्तुळाच्या कंसाची दोन टोकं सरळ रेषेनं जोडली की ती जीवा, हे शाळेत शिकलो. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, हे मात्र मला चाळिशीत कळलं. आपल्या जुन्या गणितींनी वर्तुळात चक्क धनुष्य पाहिलं. वाकलेला भाग तो चाप, दोरी ती ज्या किंवा जीवा, आणि दोरीच्या मध्यापासून चापापर्यंतचं अंतर म्हणजे शर, बाण! आर्यभटानं इ.स. 499 च्या सुमारास अर्ध्या जीवांच्या फरकांचे 24 आकडे एका श्लोकात बसवले, तेही अक्षरांत. पहिलं अक्षरयुग्म आहे ‘मखि’. म हे ‘क’पासून पंचविसावं व्यंजन, म्हणून 25. ख दुसरं, त्याला इकार लागला की शंभरपट, म्हणून 200. मिळून 225. हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा जो मुलगा वर्षभर बाराखडी म्हणायला कंटाळत होता, त्यानं पुढच्या पाच मिनिटांत आपल्या आडनावाची किंमत काढली.

पुढची गंमत तर आणखी मोठी. हा ‘जीवा’ शब्द अरबी गणितींकडे गेला आणि ‘जीब’ झाला. अरबी लिहिताना स्वर बरेचदा गाळतात. त्यामुळे पुढं कुणी तरी तीच अक्षरं ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे कपड्याची घडी, छातीपाशी असतो तो खोलगट भाग. हिंदीतला ‘जेब’ तो हाच. बाराव्या शतकात अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतरं झाली, तेव्हा घडीसाठी लॅटिन शब्द घातला, सायनस. त्याचा झाला साइन. तुमच्या मुलांच्या कॅल्क्युलेटरवर ‘साइन’चं जे बटण आहे, ते आपल्या धनुष्याच्या दोरीचं आहे, वाटेत खिशात जाऊन आलेलं. परदेशात गेल्यावर नावाचे उच्चार बिघडतात, ते काही आपल्यालाच भोगावं लागलेलं नाही.

त्या दोरीला संस्कृतात आणखी एक नाव आहे, गुण. हो, परीक्षेत मिळतात तेच. आमच्या एका विद्यार्थ्याला ताप होता, तर भारतातून आलेल्या आजीनं विचारलं, “औषधाचा गुण आला का रे?” तो म्हणाला, “किती पैकी?” आजीला हा प्रश्न कळला नाही आणि त्याला आजीचा. आता बघा, गुण म्हणजे मुळात दोरा, दोरीचा पीळ. दोन पिळांची दोरी ती द्विगुण, म्हणून द्विगुणित म्हणजे दुप्पट, म्हणून गुणाकार. सत्त्व, रज, तम हे तीन गुणही तीन पिळांसारखे एकमेकांत वळलेले. पत्रिका जुळवताना 36 गुण. व्याकरणात तर पाणिनीच्या दुसऱ्याच सूत्रात गुण भेटतो, अ, ए आणि ओ या तीन स्वरांचं नाव म्हणून. महा आणि ईश मिळून महेश झाला, तो गुणसंधी. आणि ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, तो गुण तर सगळ्या पालकांना पाठ आहे. मुलांचे मित्र बघून आपण तो रोज मनात म्हणतो.

माझ्या स्वतःच्या विषयातला सगळ्यात लबाड शब्द म्हणजे कार्य. आपल्याकडे घरात कार्य निघालं म्हणजे लग्न नाही तर मुंज. पुण्यात ‘कार्यालय ठरलं का?’ असं विचारलं तर ऑफिस कुणाच्याच डोक्यात येत नाही. पदार्थविज्ञानात मात्र कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन. वस्तू हलली नाही तर कार्य शून्य. आता वधूपिता घ्या. दिवसभर मांडवाच्या दारात हात जोडून उभा, पाय भरून आलेले, आणि आमच्या शास्त्राच्या हिशेबी त्यानं त्या कार्यात कार्य केलंच नाही! तो दमतो, कारण उभं राहण्यातही स्नायू आतून ऊर्जा जाळत असतात. पण त्यानं जगातली एक खुर्चीही हलवली नाही. ती हलवली वऱ्हाडातल्या एका वात्रट पोरानं, त्यामुळे मोजता येण्यासारखं कार्य त्याच्या नावावर जमा.

ही व्याख्या मला आवडते. शब्द असा चिमटीत पकडल्याशिवाय शास्त्राचं पान हलत नाही. तक्रार आहे ती पाठ्यपुस्तकांबद्दल. तिथं व्याख्या असते, पण शब्दाचं माहेर नसतं. माहेरावरून आठवलं. गणितात आपण वर्गमूळ काढतो, आणि माझी आजी सांगायची, “मूळ आलं की निघायचे.” म्हणजे माहेराहून न्यायला माणूस आला की. मूळ हा शब्द ऐकला की मला अजून धुळीनं माखलेली बैलगाडी दिसते, चौकटीतलं वर्गमूळाचं चिन्ह नंतर.

तबल्याच्या वर्गातल्या मुलांनी तर मला पुरतं निरुत्तर केलं. सम संख्या म्हणजे दोन, चार, सहा, हे त्यांना माहीत. तबल्यावर सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. एकजण म्हणाला, “काका, सम एकवर येते, आणि एक तर विषम आहे!” मी म्हटलं, बाळा, हे तुझ्या गुरुजींना विचार. वरून रूपक ताल आहेच. मात्रा सात, म्हणजे विषम, आणि समेलाच खाली, टाळीच्या जागी हात मोकळा. हेच रूपक मराठीच्या तासाला आलं की अलंकार होतं. आणि मात्रा? ती केळ्याच्या ‘के’वर बसते, वृत्तात लघु-गुरूंच्या हिशेबात येते आणि वैद्याकडून आणून मधातही चाटवतात. आमच्या कार्यकारिणीत मात्र खजिनदारांपुढं कुणाची मात्रा चालत नाही.

अशानं घोटाळेही होतात, हे कबूल. आयुर्वेदात कटु रस म्हणजे तिखट. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटु, त्यात कारल्यासारखं काही नाही. त्याच ‘कटु’पासून आपला ‘कडू’ झाला आणि अर्थ घसरून कारल्यावर जाऊन बसला. कुणाला पथ्य सांगताना जपून.

तर एक विनंती आहे. दाराशी एक लांब वही ठेवलीय. जाताना प्रत्येकानं आपापल्या धंद्यातला एक शब्द लिहायचा, जो घरीही वापरला जातो. बँकेत काम केलेल्यांनी ‘वर्ग’ लिहिला तरी चालेल, कारण तुम्ही रकमा वर्ग करता आणि आम्ही मुलांना वर्गात बसवतो. शिवणकाम करणारे, शेतकऱ्यांची मुलं, डॉक्टर, कीर्तन ऐकलेले, सगळे लिहा. दासबोधाचे समास पाठ असलेल्या काकू इथं आहेत. तिथं समास म्हणजे प्रकरण, व्याकरणात जोडशब्द. आमच्या वहीत समास म्हणजे डावीकडची लाल रेघ. त्या रेघेच्या अलीकडे कृपया काही लिहू नका. ती जागा मुलांनी चित्रांसाठी राखून ठेवलीय, आणि पहिल्या पानावर त्या मुलीनं आधीच एक मिशीवाला कंस काढलाय, दोन्ही बाजूंनी कंसात अडकलेला.