टाळी, मांडी, खाली

श्रोतेहो, नमस्कार. बालवाडीतल्या मुलांना संगणकीय विचार शिकवायला संगणक लागत नाही. काम पायऱ्यांत मांडायचं, क्रमानं करायचं, बिघडलं तर नेमकी पायरी शोधायची. एवढं टाळ्यांतून जमतं.

पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापा. काहींवर टाळीचं चित्र, काहींवर मांडीवरच्या थापेचं, काहींवर उघडा तळहात. उघडा तळहात म्हणजे खाली: आवाज नाही, पण मात्रा आहे. ४ पुठ्ठे ओळीत मांडा. पहिल्यावर लाल टिकली लावा, कारण या वयात डावीकडून उजवीकडे जायची सवय पक्की नसते. लय सेकंदाला एक मात्रा. टाळी, टाळी, मांडी, खाली. हीच ओळ ४ वेळा वाजवली की आवर्तन झालं; प्रोग्राममधला लूप तो हाच. मग तुम्ही मुद्दाम चुकीचं वाजवा नि मुलांना चुकलेला पुठ्ठा उचलू द्या. पुन्हा सांगतो, चुकलेला पुठ्ठा मुलांनीच उचलायचा.

घोटाळा होतो तो खालीपाशी. मुलं ती गाळतात नि ओळ ३ मात्रांची होते. तिथे तळहात हवेत बाजूला फिरवायला लावा. हाताला काम मिळालं की मात्रा टिकते. आणि बॅटरीवर गाणारी खेळणी वर्गात आणूच नका. बटण दाबलं की सगळं आयतं, मुलानं करायचं काय? ताट-पळी पुष्कळ झाली.

आता हेमचंद्रांची गोष्ट. बाराव्या शतकात गुजरातेत हे जैन आचार्य छंदशास्त्र लिहीत होते. लघू म्हणजे आखूड अक्षर, एका मात्रेचं; गुरू म्हणजे लांब, दोन मात्रांचं. प्रश्न असा, की ठरावीक मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती तऱ्हांनी भरेल? त्यांचा नियम: मागच्या दोन संख्यांची बेरीज करा. का? ओळीच्या शेवटी एकतर लघू असणार, नाहीतर गुरू. ४ मात्रांची ओळ घ्या. शेवटी लघू असेल तर आधी ३ मात्रा उरल्या, त्या ३ तऱ्हांनी भरतात. गुरू असेल तर २ उरल्या, त्या २ तऱ्हांनी. ३ नि २, ५. आणि ५ मात्रांना? ५ नि ३, ८. मोठा प्रश्न दोन लहान प्रश्नांत मोडला, की सुटला. १, २, ३, ५, ८ ही माला फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या १२०२ सालच्या ग्रंथात सशांच्या जोड्या मोजताना येते आणि जगभर त्याच्याच नावानं ओळखली जाते. विरहांक या छंदशास्त्रकारानं तर ती हेमचंद्रांच्याही आधी दिली होती. ही दोन्ही नावं आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळक असायला हवीत.

मुलांना हे आकडे सांगायचे नाहीत. एका मात्रेचा आखूड पुठ्ठा, दोन मात्रांचा दुप्पट लांब, आणि ३ मात्रांची चौकट द्या. भरा, वाजवा, वेगळी तऱ्हा शोधा. लांब पुठ्ठ्याला मुलं दोनदा टाळी देतात. एकच टाळी देऊन हात दोन मात्रा जुळलेले ठेवायला शिकवा. ३ च्या तिन्ही तऱ्हा निघाल्या की ४ ची चौकट. तिथे मूल अडलं, तर उत्तर सांगू नका, लांब पुठ्ठा मधे सरकवून बघ म्हणा.