इथून तिथवर: डोंगरातली लांब शर्यत

(साताऱ्यातल्या धावपटूंसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

इथे बसलेल्या बहुतेकांनी यवतेश्वरचा घाट पळत चढलेला आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनने या शहराला घाटाची गोडी लावली आणि आता तुमच्यातले बरेच जण त्यापुढचं काहीतरी शोधताहेत. कुणी पन्नास किलोमीटरच्या ट्रेल, म्हणजे डोंगरवाटेवरच्या, शर्यतीत नाव घातलंय, कुणाच्या डोक्यात शंभर आहेत. ४२.१९५ किलोमीटरच्या पुढे गेलं की ती अल्ट्रा, एवढी व्याख्या सगळ्यांना माहीत आहे. मला आज त्यातल्या एकाच प्रकाराबद्दल बोलायचंय: जी शर्यत एका गावातून सुटते आणि डोंगर ओलांडून दुसऱ्याच गावात संपते.

आपली हाफ मॅरेथॉन कशी असते? शहरातून निघायचं, घाट चढायचा, वरून वळायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. जाताना ज्या चढाने दम काढला, तोच येताना उतार होऊन भेटतो. पायाखाली डांबर असतं. कुणाचा पाय मुरगळलाच तर त्याच रस्त्याने गाडी येते. आपली दुचाकी जिथे लावली तिथेच आपण परत येतो. आता यातलं सगळं काढून टाका. ज्या वाटेने आलो तिने परत फिरायचं नाही, पुढचा उतार आधी पाहिलेला नाही, आणि दोन पाणपोयांच्या मधे पाय गेला तर कुणी गाडी घेऊन येऊच शकत नाही. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. अशा शर्यतीत उतरणाऱ्याला तिच्यातून बाहेर पडायच्या वाटा पाठ पाहिजेत. एकूण अंतर किती आणि चढ किती हे सगळ्यांच्या तोंडावर असतं. कुठल्या खिंडीतून खाली कुठलं गाव लागतं आणि त्या गावापर्यंत जीप येते का, हे विचारणारे मला फार थोडे भेटतात.

हा आग्रह का, ते सांगते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात बाईयिन शहराजवळ शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ जण निघाले. दुपारच्या सुमाराला उंचावरच्या भागात हवा फिरली. गारा, बोचरा पाऊस, उभं राहू न देणारं वारं. बहुतेकांच्या अंगात अर्धी विजार आणि पातळ टीशर्ट होता, कारण वारा अडवणारं जाकीट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं. २१ जण गारठून दगावले. त्यांत चीनमधले अव्वल अल्ट्रा धावपटूही होते. सगळ्यात जास्त घात झाला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या चेकपॉइंटच्या, म्हणजे धावपटूंची नोंद घेणाऱ्या ठाण्यांच्या, मधल्या टप्प्यात. सलग चढ, आडोसा नाही आणि गाडी पोचत नाही अशी ती जागा. तिथे एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेलं, शेकोटी पेटवली आणि वाचवलं. त्या माणसाला त्या डोंगरातला आडोसा ठाऊक होता. पळणाऱ्यांना तो ठाऊक नव्हता.

साताऱ्यात थंडीने कुणाचं काय होतंय, असं कृपा करून म्हणू नका. चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पावसाळ्यात त्या सड्यावर भिजलेल्या अंगाने पळत राहाल तोवर ऊब टिकते. पोटरीत गोळा आला आणि पंधरा मिनिटं बसावं लागलं की दात वाजायला लागतात, मग हाताची बोटं ऐकत नाहीत, मग साधी चेन ओढता येत नाही. आणि ज्याला चेन ओढता येत नाही तो पिशवीतलं जाकीट काढून घालणार कसं? म्हणून अंगात कापरं भरायच्या आधी जाकीट चढवायचं. आयोजकांनी शिट्टी, फॉइलचं पांघरूण, हेडटॉर्च, जाकीट, चार्ज केलेला फोन अशी सक्तीची यादी दिली की काही जण ती वजन वाढवणारी कटकट समजतात. मी तर अशी यादी न देणाऱ्या शर्यतीत नावच घालणार नाही.

आता उतार. मी पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे यावर जरा रेंगाळणार.

चढाला सगळे भितात. खरं तर चढ चालायचा असतो. गुडघ्यावर हात ठेवून, लहान पावलं टाकत, बोलता येईल एवढ्याच दमाने. लांब शर्यतीत पुढे असलेलेसुद्धा तीव्र चढ चालतात, त्यात कमीपणा नाही. माणसाला मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकाच वेळी आवळलेला असतो आणि ताणलाही जात असतो. शरीराचं सगळं वजन तो दर पावलाला रोखून धरतो. त्या ताणाखाली स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. दहा किलोमीटरमध्ये ती जाणवत नाही. चाळीसाव्या किलोमीटरला पाय टेकला की गुडघा आपोआप दुमडायला लागतो.

अमेरिकेतली वेस्टर्न स्टेट्स ही या प्रकारातली जुनी शर्यत. कॅलिफोर्नियातल्या ऑलिंपिक व्हॅलीपासून ऑबर्न गावापर्यंत १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर. मुळात ती घोड्यांची शर्यत, एका दिवसात पार करायची. १९७४ मध्ये गॉर्डी एन्स्ले हा गडी घोड्याशिवाय निघाला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोचला. आजही तिथे २४ तासांच्या आत येणाऱ्याला चांदीचं बक्कल मिळतं आणि शर्यत ३० तासांनी बंद होते. मला तिचे चढ-उताराचे आकडे महत्त्वाचे वाटतात. एकूण चढ सुमारे साडेपाच हजार मीटर, आणि उतार सुमारे सात हजार मीटर. सुरुवातीची जागा उंचावर, शेवटची खूप खाली. जिथून निघालो तिथेच परत येणाऱ्या शर्यतीत चढ आणि उतार सारखेच भरतात. इथून तिथवरच्या शर्यतीत तसा हिशेब लागत नाही. म्हणून नकाशा हातात आला की दोन्ही आकडे वेगवेगळे बघा, आणि मोठा उतार शर्यतीच्या कुठल्या भागात येतो तेही बघा. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स रस्त्यावरची असली तरी हेच शिकवते. १९२१ पासून चाललेली ही शर्यत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमध्ये साधारणपणे आलटून पालटून धावली जाते. एका वर्षी समुद्राकडून वर, पुढच्या वर्षी वरून समुद्राकडे. उताराच्या वर्षी पाय जास्त सोलून निघतात, असं दोन्ही बाजूंनी धावलेले कितीतरी जण सांगतात.

यावर औषध एकच आहे, आधी उतरून ठेवणं. स्नायूला एकदा उताराचा मार बसला की पुढच्या काही आठवड्यांत तोच मार त्याला कमी लागतो. हे प्रयोगांतून पक्कं झालेलं आहे. तेव्हा यवतेश्वर चढून वरून दुचाकीने खाली येणारे जे आहेत त्यांनी ते बंद करावं. अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेने उतरा. जरंडेश्वरच्या पायऱ्या उतरा. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एक लांब उतार घ्या आणि मग पायांना विश्रांती द्या.

काही शर्यतींत मी स्वीपर म्हणून सगळ्यांच्या मागून चालते. एका संध्याकाळी डोंगराच्या सोंडेवर एक तरुण माझ्यापुढे होता. घसाऱ्याची वाट, मुरमाचे गोल खडे, दोन्ही बाजूंना कारवी. तो पाठमोरा होऊन उतरत होता. एका हाताने कारवीचा झुडपा धरायचा, पाय मागे चाचपायचा, खडा घरंगळला की पुन्हा वर घ्यायचा. तळहात चिरलेले, मांड्या थरथरत होत्या आणि बाटलीत पाणी शिल्लक होतं तरी प्यायचं सुचत नव्हतं. खाली वाडीतले दिवे लागलेले दिसत होते. त्याला मी विचारलं, दादा, ही वाडी कुठली? त्याला माहीत नव्हतं. तिथून डावीकडे उतरणारी वाट अर्ध्या तासात डांबरी रस्त्याला लागते हेही माहीत नव्हतं. पुढचा चेकपॉइंट सात किलोमीटरवर आहे, एवढं एकच त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं आणि तो तिकडेच निघाला होता. आम्ही वाडीत उतरलो. तिथल्या एका मावशींनी चहा आणि भाकरी दिली, आणि त्यांच्या पुतण्याने त्याला जीपमधून सोडलं. तो पोरगा कच्चा नव्हता, सराव उत्तम होता. त्याच्या डोक्यातल्या नकाशात फक्त एकच रेघ होती.

वाटेबद्दल आणखी एक. आपल्या डोंगरात ढोरवाटा फार. चारा शोधत गुरं आडवी आडवी फिरतात, त्यामुळे त्या वाटा फुटत जातात आणि कुठेतरी रानात विरतात. खिंडीकडे जाणारी माणसाची वाट सहसा एका रोखाने जाते. खुणेची फीत पाच-सात मिनिटं दिसली नाही की पुढे रेटू नका, शेवटची फीत दिसली होती तिथपर्यंत मागे या. दमलेल्या माणसाला मागे येणं जिवावर येतं आणि तिथेच चकवा लागतो.

सामानाची व्यवस्था या शर्यतीत वेगळी असते आणि आपल्याला ती समजायला सोपी आहे. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आपल्या जिल्ह्यात येते, तेव्हा दिंड्यांचे ट्रक वळकट्या आणि शिधा घेऊन पुढच्या मुक्कामाला गेलेले असतात. वारकऱ्याच्या खांद्यावर फक्त दिवसापुरतं. ड्रॉप बॅग म्हणजे हेच. मधल्या चेकपॉइंटला कोरडे मोजे, दुसरा टीशर्ट, टॉर्चचे जादा सेल आणि खारट काहीतरी जाऊन पडलेलं असलं पाहिजे. सगळं पाठीवर घेणारे दमतात. सगळं ड्रॉप बॅगेत टाकणारे मात्र अडकतात. जाकीट आणि टॉर्च कायम अंगाबरोबर ठेवा.

पाण्याचं म्हणाल तर सह्याद्री पावसाळ्यात ओसंडतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो. किल्ल्यावरच्या टाक्यांच्या भरवशावर मार्च-एप्रिलमध्ये कुणी निघू नये. पण भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहणंही घातक आहे. तासन्‌तास घाम जातोय आणि वरून साधं पाणी ओततोय, अशाने रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. बघणाऱ्यांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ते आणखी पाणी पाजतात. तहानेप्रमाणे प्या, खात राहा. उकडलेला बटाटा मीठ लावून, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं, जे सरावात पचलं तेच. शर्यतीच्या दिवशी नवीन जेल उघडू नका. आणि वेदनाशामक गोळ्या नकोत. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, अंगातलं कमी झालेलं पाणी आणि तुटलेला स्नायू हे तिन्ही एकाच वेळी मूत्रपिंडावर येतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर शर्यत तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा.

बुटांवर मला प्रश्न खूप येतात. एवढंच सांगते, तळव्याला दातरे असावेत, पुढे अंगठ्याला जागा असावी आणि ते आधी लांब अंतरावर वापरलेले असावेत. ब्रँड तुमचा तुम्ही ठरवा.

कट-ऑफ, म्हणजे ठरलेल्या वेळेत न पोचणाऱ्याला थांबवणं, याबद्दल राग धरू नका. कॉम्रेड्समध्ये बारा तास पूर्ण होताना बंदूक उडवणारा धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो, कुणाचा चेहरा बघून हात रेंगाळू नये म्हणून. ती कठोरता मला योग्य वाटते. डोंगरात मधल्या चेकपॉइंटला अडवणारा स्वयंसेवक तुम्हाला अंधारात, गाडी नसलेल्या टप्प्यात जाण्यापासून थांबवत असतो. त्याच्याशी हुज्जत घालणाऱ्यांची मला खरोखर चीड येते. तो पोरगा पहाटेपासून तिथे उभा असतो.

आणि या वाटा कुणाच्या तरी आहेत. वाटेत कुणाचं शेत आहे, कुणाचा गोठा, धनगरवाड्यातलं पाण्याचं हंडाभर साठवण. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. तिथे कातळावर मातीचा जेमतेम थर आहे, त्यावर पाय ठेवून पळायचा विचारही नको. कोयनेच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. वेष्टनं खिशात घालून आणा.

सरावाचं सांगून थांबते. साताऱ्यात बसून इथून तिथवरची सवय लावणं अवघड नाही. सकाळच्या एसटीने कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोलीला जा आणि पायी परत या. तिथल्या काठापासून कासपर्यंत सुमारे पाचशे मीटर चढ आहे, पुढे पठाराच्या कडेचा रस्ता आणि शेवटी यवतेश्वरचा उतार. वेळेचा अंदाज बांधायला जुना नाइस्मिथचा नियम वापरा: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला वर एक तास. तो चालणाऱ्यांसाठी आहे, पण पहिल्यांदा तोच धरा. दोघे-तिघे मिळून जा, घरी वेळ सांगून जा. कास तलावाशी पोचून पाय उतरायला तयार नसतील तर तिथेच थांबायचं. त्यासाठी बामणोलीहून साताऱ्याला येणाऱ्या गाड्यांच्या वेळा आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी खिडकीत विचारा आणि कागदावर लिहून खिशात ठेवा. त्या भागात फोनला रेंज मिळेलच असं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.